साथीदारांची चरित्रे
(प्रताप नगर, नागपूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



तबला, ढोलकी, डफ वाजविणाऱ्या कलावंतांची जीवनकथा त्यांच्याच मुखातून ऐकविणारे ‘पॉडकास्ट’ समाजातील तरुणांनी तयार करावे, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. काही वडीलधाऱ्यांनी विचारले, “यांत ऐकण्याजोगे ते काय?” उत्तर देण्याचे काम आम्हांकडे आले.

बालगंधर्वांचे नाव घरोघर आहे. परंतु गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर मुरादाबादचे अहमदजान थिरकवाँ बसत, हे किती जणांस ठाऊक आहे? त्यांना १९७० साली पद्मभूषण मिळाले. १९७६ साली ते निवर्तले. गोव्याचे लक्ष्मणराव पर्वतकर ऊर्फ खाप्रूमामा यांची तर हातांनी एक, पायांनी दुसरा ताल धरून तोंडाने तिसराच मोजण्याबद्दल ख्याती होती. साक्षात् अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांच्या लयज्ञानाचा गौरव केला. दत्ताराम वाडकर हे शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक. ढोलकीवरील त्यांचा ‘दत्तू ठेका’ चित्रसृष्टीत रूढ झाला. १९५८ च्या ‘परवरिश’चे संगीतही त्यांचेच. त्यातील गीत गुणगुणताना मुकेश आठवतात, दत्ताराम आठवत नाहीत.

यास यंत्रही काही अंशी कारण झाले. आरंभीच्या ध्वनिमुद्रणात गायक कर्ण्यासमोर असे, तबला मागे पडे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवरील मुद्रण सुरू झाले आणि पुढे ठोका स्पष्ट उमटू लागला. तबकडीवर साथीदाराचे नाव मात्र क्वचितच छापले गेले. ही उणीव आकाशवाणीने थोडी भरून काढली. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. शास्त्रीय गायनानंतर निवेदक साथीदारांची नावे घेत, ती आम्ही बालपणी कान देऊन ऐकत असू.

डफडेवाल्यांना तेवढेही भाग्य लाभले नाही. आपल्याच लग्नकार्यांत ते मांडवाबाहेर बसत, शेकोटीवर डफ शेकून त्याचे कातडे ताणून घेत आणि सर्वांची जेवणे आटोपल्यावर त्यांचे पान वाढले जाई. कातड्याचा विटाळ मानावयाचा व त्याच कातड्याच्या नादावर वरात मिरवावयाची, हा न्याय आम्हांस कधीच उमगला नाही! दिवाणखान्यातील तबल्यालाही कातडेच असते. त्यावर लोहचूर्णाच्या शाईचे थर घोटून बसविलेले असतात, इतकेच.

अन् आजची स्थिती? आपल्या वधूवर-परिचयात वाद्यवृंदात वाजविणाऱ्या तरुणाचा व्यवसाय ‘खाजगी नोकरी’ असा छापला जातो. मुलीकडचे बिचकतील, असे पालक सांगतात. ज्याच्या मिळकतीवर घर चालते, त्याची कला लपवावी लागते. पुढील अंकी तेथे ‘तबलावादक’, ‘ढोलकीवादक’ असेच छापावे, अशी आमची संपादक मंडळास विनंती आहे.

तरुणांनी प्रथम वृद्ध वादकांकडे जावे. गुरू कोण, पहिली बिदागी किती, रात्रभर वाजविल्यावर बोटांचे काय होई, पंगतीत कोठे बसविले, हे विचारावे. मध्येच बोलू नये. वाद्य जवळ असल्यास ते त्यांच्या हाती द्यावे. पुष्कळांना तोंडाने सांगण्यापेक्षा वाजवून सांगणे सोपे जाते. आमच्या आळीतील दोन वृद्धांनी होकार दिला आहे. त्यांतील एकांची प्रकृती बरी नसते; त्यांच्याकडे याच आठवड्यात जाणे बरे.