चाप आणि चोपडी



स्वागताध्यक्षाने निवास, भोजन यांविषयी दोन शब्द बोलून खाली बसावे, अशी रीत आहे. ती मोडून प्राचीन चीनच्या क्रॉसबोविषयी थोडे बोलतो.

हा विषय निघाला की मालींगची लढाई निघतेच. इ.स.पू. 341 च्या सुमारास रणनीतिकार सुन बिनने अरुंद वाटेवर क्रॉसबोवाले दडवले, एका झाडाची साल काढून त्यावर शत्रूच्या सेनापतीचे मरण लिहून ठेवले. तो सेनापती, पांग ज्वान, ते वाचायला उजेड करतो आणि बाण सुटतात. इतिहासकार सिमा छ्येनने हे इतके रंगवून सांगितले आहे, की त्या झाडावर माझा विश्वास बसत नाही. दबा धरलेल्या सैनिकांवर मात्र बसतो. साधे धनुष्य ताणून फार वेळ धरवत नाही. क्रॉसबोची प्रत्यंचा चापात अडकली की सैनिक निवांत वाट पाहू शकतो.

तो चाप म्हणजे काशाचे तीन ओतीव भाग आणि दोन खिळी. शिआनजवळच्या मातीच्या सैन्यासोबत असे चाप सापडले. छिन राजवटीच्या काळात ते थेट लाकडी दांड्यात बसवत; त्यानंतरच्या हान राजवटीतल्या कारागिरांनी त्यांना काशाची पेटी दिली आणि अधिक ताठ कमान पेलणे शक्य झाले. जन्मभर तिरंदाजी न केलेला शेतकरीही थोड्या सरावाने हे शस्त्र चालवी. इ.स.पू. 169 मध्ये दरबारी छाओ त्सुओने सम्राटाला उत्तरेच्या भटक्या श्योंगनू घोडेस्वारांविरुद्ध हान सैन्याची बलस्थाने कळवली, त्यांत क्रॉसबो होता.

पण बाण संपले की? इ.स.पू. 99 मध्ये हान सेनानी ली लींग पाच हजार पायदळ घेऊन स्टेपच्या प्रदेशात शिरला, झुंजत मागे हटला आणि बाण संपल्यावर शरण गेला. दरबारात त्याची बाजू घेतली ती सिमा छ्येननेच, आणि त्यापायी त्याला खच्चीकरणाची शिक्षा भोगावी लागली.

म्हणून माझे लक्ष कमानीपेक्षा कोठाराकडे जाते. च्यांगसू प्रांतातल्या यिनवान येथे 1993 मध्ये एका थडग्यात लाकडी फळ्या मिळाल्या. त्यांतल्या एकीवर इ.स.पू. 13 मधली शस्त्रागाराची मोजदाद आहे : क्रॉसबो पाच लाखांच्या वर, साधी धनुष्ये त्या मानाने फारच थोडी. सरहद्दीवरच्या च्युयान चौक्यांतले कारकून तर प्रत्येक क्रॉसबोचा जोर आणि त्याची मोडतोडही टिपून ठेवत. सेनापतींची चरित्रे आपण पुष्कळ वाचली. या कारकुनांवर इथे एखादा तरी निबंध वाचला जावा, ही यजमानाची फर्माईश समजा.

दालनात क्रॉसबोची प्रतिकृती ठेवली आहे. हाताळा, पण बाण न लावता ताणून चाप ओढू नका. झटक्याने कमान मोडते. आता अध्यक्षमहाराजांनी सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.