हफमनचे कुरण
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विमानाचा जन्म म्हटला की राइट बंधू आणि किटी हॉकची वाळू, एवढे आपल्या मुलांस पाठ असते. ते खोटे नव्हे. परंतु 17 डिसेंबर 1903 रोजी तेथे झालेले सर्वांत मोठे उड्डाण अवघे 59 सेकंदांचे होते. इंजिनाचे यंत्र हवेत वळवून निघाल्या जागी परत आणणे अद्याप कोणासही साधले नव्हते. ते साधले एका गुरांच्या कुरणात, आणि त्या कुरणाचीच हकीकत आम्ही आज सांगणार आहोत.

अमेरिकेच्या ओहायो राज्यात, डेटन शहरापासून सुमारे 8 मैलांवर हफमन नामक बँकेच्या अध्यक्षांची 84 एकर जमीन होती. 1904 साली त्यांनी ती ह्या दोघा सायकलवाल्या बंधूंस विनामूल्य वापरू दिली. अट एकच, उडण्यापूर्वी गाई-घोडी कुंपणाबाहेर हाकावीत! तेव्हा जगातील पहिल्या वैमानिकांचा दिवस गुरे वळण्याने सुरू होई. जमीन उंचसखल, आणि बाजूनेच विजेची ट्राम जात असे. किटी हॉकसारखा वारा तेथे नव्हता, म्हणून यंत्र उठेना. अखेर त्यांनी लाकडी मनोरा उभारून त्यावरून दोराने जड वजन खाली सोडण्याची युक्ती काढली. वजन पडे, त्या ओढीने यंत्र रुळावरून धावे आणि उचलले जाई.

आरंभी बातमीदारांस बोलाविले होते. त्या दिवसांत इंजिन नीट चालेना, आणि मंडळी परत गेली ती पुन्हा फिरकली नाहीत. आले ते अमॉस रूट. हे गृहस्थ मधमाश्या पाळण्याचे साहित्य विकणारे आणि त्याच धंद्याचे एक नियतकालिक चालविणारे. 20 सप्टेंबर 1904 रोजी विमानाने प्रथमच पूर्ण वर्तुळ घेतले, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि 1 जानेवारी 1905 च्या आपल्या अंकात छापले. म्हणजे मानवाच्या ह्या पराक्रमाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत प्रथम मधुपालकांनी वाचला! स्मरणिका म्हणजे जाहिराती आणि वधूवरांची यादी, असे म्हणणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी हे ध्यानी घ्यावे.

5 ऑक्टोबर 1905 रोजी विल्बर त्याच कुरणावर घिरट्या घालीत 39 मिनिटांत 24 मैल उडाले. इंधन संपले म्हणूनच ते खाली आले. तरीही जानेवारी 1906 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' ह्या प्रतिष्ठित पत्राने ही उड्डाणे कपोलकल्पित ठरविली. ट्रामचे उतारू आणि शेजारचे शेतकरी मात्र ती रोज पाहत होते. पुढे त्याच वर्षी त्या पत्राने साक्षीदारांस पत्रे पाठवून खात्री करून घेतली, हेही सांगितले पाहिजे.

1910 ते 1916 पर्यंत तेथे राइट बंधूंची वैमानिक शाळा चालली. आज ते कुरण राइट-पॅटरसन वायुदल तळाच्या हद्दीत जतन केलेले आहे.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून आम्हांस बसवत नाही. दोघा भावांनी एकाच विमानात बसू नये, असा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. एकाचे बरेवाईट झाले तर काम पुढे नेण्यास दुसरा उरावा. 25 मे 1910 रोजी ह्याच कुरणावर वडिलांनी तो एकदाच शिथिल केला आणि दोघे बंधू मिळून उडाले. त्यानंतर ऑर्विलने 81 वर्षांच्या वडिलांस शेजारी बसविले. विमान चढू लागले. मुलगा जपून चालवीत होता, आणि म्हातारबुवा त्याच्या कानाशी वाकून आणखी वर ने म्हणून सांगत होते.