पडद्यावर रेघा उमटतात तेव्हां



घरांतलें माणूस आजारी पडलें म्हणजे आपण प्रथम त्याच्या कपाळाला हात लावून पाहतों, ताप केव्हांपासून आहे याची चौकशी करतों आणि मग डॉक्टरांना बोलावतों. घरांतला संगणक आजारी पडला म्हणजे मात्र आपला सारा धीर सुटतो. पडद्यावर रंगीत रेघा दिसूं लागल्या, किंवा बटण दाबूनही पडदा काळाच राहिला, कीं एकजण म्हणतो, ‘व्हायरस शिरला’; दुसरा म्हणतो, ‘मदरबोर्ड गेला’; आणि तिसरा कांहीं न बोलतां डब्यावर थाप मारून पाहतो. या गोंधळांत जो निर्णय घेतला जातो तो पुष्कळदां चुकीचा असतो, आणि त्याची किंमत यंत्राच्या किमतीहून कितीतरी अधिक होऊं शकते.

मीं ती किंमत दिलेली आहे, म्हणूनच आज या विषयावर बोलण्यास धजत आहें. माझ्या वडिलांनीं निवृत्तीनंतर आपल्या आयुष्यांतील आठवणी संगणकावर टंकून ठेवल्या होत्या. दीडशें-एक पानें असतील. त्यांच्या पश्चात् एका पावसाळ्यांत त्या संगणकाच्या पडद्यावर रेघा दिसूं लागल्या. तो कधीं सुरू होई, कधीं होत नसे. दुरुस्तीला आलेल्या गृहस्थांनीं विचारलें, ‘फॉरमॅट करून विंडोज नव्यानें घालावें लागेल. आंत कांहीं महत्त्वाचें आहे काय?’ मी कामावर निघण्याच्या घाईंत होतों. ‘कांहीं नाहीं, करून टाका,’ असें म्हणालों. तिसऱ्या दिवशीं रेघा पुन्हां उमटल्या. या खेपेस आलेल्या दुसऱ्या कारागिरानें डबा उघडला, रॅमची पट्टी बाहेर काढून तिची सोनेरी कड साध्या खोडरबरानें हलकेच पुसली, पट्टी जागच्या जागीं बसविली, आणि संगणक सुरळीत चालूं लागला. वडिलांचीं पानें ज्या डिस्कवर होतीं तिला मुळांत कांहींच झालें नव्हतें. पुढें पुष्कळ खटपट करून थोडीं तुटक पानें मिळालीं. बाकीचीं गेलीं तीं गेलींच. चूक त्या गृहस्थांची नव्हती. त्यांनीं विचारलें होतें. उत्तर मीं दिलें होतें.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, यंत्राचा बिघाड आणि यंत्रांतला ठेवा या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. मॉनिटर, केबल, ग्राफिक्स कार्ड, रॅम, मदरबोर्ड यांपैकीं कांहींही बिघडलें तरी आपलीं पत्रें, छायाचित्रें आणि हिशेब बहुधा डिस्कवर शाबूत असतात. घरांतला दिवा गेला म्हणून कपाटांतले दागिने नाहींसे होत नाहींत. म्हणून ‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकतांच थांबावें. ठेवा दुसरीकडे उतरवून घेतल्यावांचून त्या शब्दाला होकार देऊं नये.

आतां बिघाड कोठें आहे तें कसें ओळखावें? त्यासाठीं बटण दाबल्यापासून काय काय घडतें हें ठाऊक असावें. प्रथम वीज पोंचते. मग संगणक स्वतःची परीक्षा घेतो; रॅम आहे ना, चित्र काढणारा भाग जागेवर आहे ना, हें पाहतो. आय. बी. एम. कंपनीनें १९८१ सालीं आपला पर्सनल कॉम्प्यूटर बाजारांत आणला, तेव्हां ही परीक्षा उत्तीर्ण झाली कीं तो एकदां ‘टूं’ असा आवाज करी. आजच्या कित्येक संगणकांत आवाजाऐवजीं लहानसे दिवे असतात. पण परीक्षा तीच. त्यानंतर कंपनीचें चिन्ह दिसतें, मग कारभार विंडोजच्या हातीं जातो, आणि सर्वांच्या शेवटीं ड्रायव्हर नांवाचा कार्यक्रम चित्राचा ताबा घेतो. ही साखळी नेमकी कोणत्या कडीपाशीं तुटते एवढें लक्षपूर्वक पाहिलें तरी अर्धें निदान झालें.

रेघांचा प्रश्न आधीं घेऊं. मॉनिटरच्या कडेला किंवा पाठीमागें बटण असतें. तें दाबलें म्हणजे उजेड कमीजास्त करण्याची एक यादी पडद्यावर येते. ही यादी संगणक पाठवीत नाहीं; ती मॉनिटरची स्वतःची असते. रेघा या यादीवरूनही जात असतील तर दुखणें मॉनिटरचें आहे. यादी स्वच्छ आणि रेघा केवळ तिच्या मागें असतील, तर मॉनिटर बहुधा निर्दोष असून दोष केबलमध्यें किंवा डब्यांत आहे. लॅपटॉप असेल तर तो केबलनें घरच्या टेलिव्हिजनला जोडून पाहावा. तेथें चित्र स्वच्छ दिसलें तर दोष लॅपटॉपच्या पडद्यांत किंवा पडद्याला जाणाऱ्या आंतल्या तारेंत समजावा. या परीक्षांना एक पैसा पडत नाहीं.

यानंतर केबल दोन्ही टोकांनीं काढून पुन्हां घट्ट बसवावी. शक्य तर दुसरी लावून पाहावी. ज्या डब्यांत निराळें ग्राफिक्स कार्ड असतें तेथें केबल लावण्याच्या जागा बहुधा दोन असतात, एक मदरबोर्डची आणि एक कार्डाची. साफसफाईनंतर केबल चुकून मदरबोर्डच्या जागीं लागली तर आंत सर्व ठीक असूनही पडदा काळा राहूं शकतो.

तिसरी परीक्षा वेळेची. कंपनीचें चिन्ह दिसतें तेव्हांच रेघा असतील तर विंडोजला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तें तोंवर जागेंही झालेलें नसतें. उलट, चिन्ह स्वच्छ दिसून विंडोज आल्यावरच चित्र फाटत असेल, तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. अशा वेळीं सेफ मोड उपयोगीं पडतो. त्यांत विंडोज अगदीं साध्या ड्रायव्हरवर काम चालवितें. तेथें चित्र नीट दिसलें तर नुकताच आलेला ड्रायव्हर काढून जुना घालावा. पूर्वी एफ-आठ हें बटण दाबून सेफ मोडमध्यें जातां येई. विंडोज १० व ११ मध्यें ती वाट सहसा बंद असते, परंतु सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ दोनतीनदां फसला म्हणजे दुरुस्तीचें पान आपोआप उघडतें, आणि तेथून सेफ मोडकडे जातां येतें. आणि चित्र आरंभीं चांगलें असून दहापंधरा मिनिटांनीं बिघडत असेल, तर उष्णतेचा विचार करावा. पंख्यावर आणि जाळीवर धूळ सांचली आहे काय तें पाहावें.

यंत्र मेल्यासारखें दिसतें, पण मेलेलें नसतें, याचें मोठें उदाहरण १९ जुलै २०२४ रोजीं साऱ्या जगानें पाहिलें. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष फायलीमुळें सुमारें ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले. आपल्याकडेही विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्यांत आले. यांपैकीं एकाही संगणकाचा कोणताही भाग त्या फायलीनें जळाला नव्हता. पुष्कळ ठिकाणीं उपाय काय, तर सेफ मोडमध्यें जाऊन ती एक फाईल पुसणें! त्या दिवशीं कोणी घाबरून डिस्कच पुसून टाकली असती तर तो आपल्याच हातानें केलेला नाश ठरला असता.

आतां जो संगणक सुरूच होत नाहीं त्याच्याकडे वळूं. प्रथम भिंतीवरचा प्लग दुसऱ्या उपकरणानें तपासावा. प्रिंटर, पेन ड्राइव्ह वगैरे सर्व जोडण्या काढून टाकाव्या. विसरून राहिलेल्या पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याच्या खटपटींत संगणक अडून बसल्याचीं उदाहरणें विरळा नाहींत. डबा उघडण्यापूर्वी वायर भिंतींतून काढावी, सुरू करण्याचें बटण कांहीं क्षण दाबून धरावें आणि डब्याच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज निघून जाते. मग रॅमच्या पट्ट्या काढून एकेक लावून पाहावी. कोंकणपट्टीच्या व मुंबईच्या दमट हवेंत या जोडांवर सूक्ष्म थर चढतो आणि संपर्क अधूनमधून तुटतो. ज्या संगणकांत निराळें ग्राफिक्स कार्ड नसतें, तेथें चित्रासाठीं लागणारी जागा याच रॅममधून उसनी घेतलेली असते. म्हणूनच रॅमचा संपर्क बिघडला कीं पडद्यावर रेघा उमटूं शकतात, आणि माझ्या घरीं झालें तें हेंच. खोडरबर अगदीं हलक्या हातानें फिरवावें व त्याचा चुरा झटकून टाकावा. जोरानें घासल्यास सोन्याचा पातळ मुलामाच निघून जातो.

मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. तो तीन व्होल्टचा असतो आणि त्याच्यावर २०३२ हा अंक बहुधा आढळतो. संगणक दर वेळीं जुनीच तारीख दाखवूं लागला तर हा सेल संपला असें समजावें. तो संपला म्हणजे संगणक आपल्या नेमणुका विसरतो, आणि मग आपली डिस्क कोणती याचाही त्याला कधीं कधीं विसर पडतो. हा स्वस्त सेल बदलल्यानें बरे झालेले संगणक थोडे नाहींत.

मात्र वीजपुरवठ्याची बंद पेटी कदापि उघडूं नये. ती २३० व्होल्टची वीज घेऊन बारा, पांच आणि तीन पूर्णांक तीन दशांश व्होल्ट असे लहान दाब तयार करते. तिच्यांतील कपॅसिटर वायर काढल्यावरही वीज धरून ठेवतात. तसेंच बिघडलेलें ग्राफिक्स कार्ड ओव्हनमध्यें शेकण्याचा जो उपाय कांहीं हौशी मंडळी सांगतात, त्याच्या नादीं लागूं नये. त्यानें क्वचित् चार दिवस काम चालतें. परंतु अन्नाच्या भांड्यांत विषारी वाफ सोडण्याइतका तो लाभ मोठा नाहीं.

या सर्व खटपटींत एक नियम पाळावा. एका वेळीं एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहावा. केबल, रॅम आणि ड्रायव्हर एकाच दिवशीं बदलले आणि संगणक सुरू झाला, तर कशानें सुरू झाला हें कोणालाच कळत नाहीं. आणि पुन्हां बंद पडला म्हणजे पहिल्यापासून प्रारंभ. हाच कागद कारागिरापुढें ठेवावा. ‘चालत नाहीं हो’ असें सांगणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षां ‘चिन्ह दिसतें, त्यावर रेघा नसतात, विंडोज आल्यावर उमटतात’ असें सांगणाऱ्याचें काम लवकर व कमी पैशांत होतें.

शेवटीं पुन्हां ठेव्याकडे येतों. फिरत्या डिस्कमधून टकटक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर संगणक पुन्हां पुन्हां सुरू करून पाहूं नये; प्रत्येक प्रयत्नानें हानि वाढूं शकते. आवाज नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडतां येते आणि फाईली उतरवून घेतां येतात. येथें एक नवी अडचण ध्यानीं ठेवावी. विंडोज ११ च्या कित्येक संगणकांत डिस्कला आपोआप कुलूप लागलेलें असतें. त्याला बिटलॉकर म्हणतात. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली कीं तें ४८ अंकांची किल्ली मागतें. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जपलेली असते. पण त्या खात्याचा पासवर्ड घरांतल्या एकाच माणसाला ठाऊक असेल आणि तें माणूस नसेल, तर शाबूत डिस्कही आपल्याला परकी होते. संगणक चालूं आहे तोंवरच ती किल्ली पाहून वहींत लिहून ठेवावी आणि वही कपाटांत ठेवावी.

तेव्हां आज हें भाषण संपल्यावर आपण दोन कामें करावीं. ज्या फाईलींवांचून आपल्या घराचें चालणार नाहीं त्यांची एक प्रत संगणकाबाहेर, दुसऱ्या डिस्कवर काढावी. आणि आपल्या संगणकांत काय काय आहे हें घरांतल्या सर्वांनीं एकदां बसून पाहावें. ‘आंत कांहीं महत्त्वाचें आहे काय?’ हा प्रश्न मला विचारला गेला त्या दिवशीं, त्याचें उत्तर मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. तें मला आठवलें नाहीं. आपल्याला तें आठवावें, एवढ्यासाठींच हा सारा प्रपंच.