नाटक लिहवून घ्यायचे तर



संमेलनाध्यक्षाने आधी पूर्वसूरींना वंदन करावे, मग संगीत रंगभूमीच्या सुवर्णकाळाची आठवण काढावी आणि शेवटी शासनाकडे अनुदान मागावे, अशी आपली रीत आहे. वंदन मी मनापासून करतो. सुवर्णकाळाबद्दल माझ्याहून अधिकाराने बोलणारी माणसे इथे पहिल्याच रांगेत बसली आहेत. पैशाचा विषय मात्र मी सोडणार नाही. नवे संगीत नाटक कोण कुणाकडून लिहवून घेतो, लिहीत असताना लेखकाच्या घरची चूल कशावर पेटते, आणि पहिला प्रयोग झाल्यावर त्या नाटकाचे पुढे काय होते, याबद्दल मला बोलायचे आहे. नाटक अन्यायाविषयी असेल तर हे प्रश्न अधिकच टोकदार होतात.

उदाहरणे अमेरिकेतल्या ऑपेराची घेतो. तिकडचे सगळे चांगले असते म्हणून नव्हे. हा घोळ त्यांनी उघड्यावर घातला आणि थोडाफार निस्तरलाही, म्हणून.

२८ सप्टेंबर १९८६ रोजी न्यूयॉर्क सिटी ऑपेराने कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांच्या आयुष्यावरचा ऑपेरा रंगमंचावर आणला. संगीत अँथनी डेव्हिस यांचे, कथा त्यांचे भाऊ क्रिस्टोफर यांची, पदे आणि संवाद चुलतबहीण थुलानी डेव्हिस यांचे. एका अर्थी घरचीच नाटक मंडळी. डेव्हिस यांनी वाद्यवृंदाच्या मधोमध ऐनवेळी सुचेल ते वाजवणारे जॅझ वादक बसवले होते. लिहिलेल्या सुरावटीच्या चौकटीत त्यांना मोकळी जागा राखून दिलेली होती. ऑर्गन आणि तबल्याच्या साथीवर पद फुलवणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. पाश्चात्त्य ऑपेरात मात्र ते धाडसच होते.

एवढे सगळे होऊनही तो ऑपेरा मोठ्या रंगमंचांवर रीतसर परतायला पस्तीसेक वर्षे गेली. २०२२ मध्ये डेट्रॉइटने तो नव्याने उभा केला. मग माल्कम एक्स यांचे जन्मगाव ओमाहा, २०२३ मध्ये न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा, पुढे सिएटल. शिकागोसह एकूण पाच संस्था त्या निर्मितीत भागीदार होत्या. नेपथ्य एक, वेशभूषा एक, खर्च वाटून.

मधल्या काळात काय बदलले? मे २०२० मध्ये मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला, देशभर लोक रस्त्यावर आले, आणि प्रतिष्ठित संस्थांना आपापल्या हंगामाच्या याद्या काढून बघाव्या लागल्या. १८८३ पासून चालू असलेल्या मेट्रोपॉलिटनमध्ये कृष्णवर्णीय संगीतकाराचा पहिला ऑपेरा २७ सप्टेंबर २०२१ ला झाला. टेरेन्स ब्लँचर्ड यांचा ‘फायर शट अप इन माय बोन्स’. एकशे अडतीस वर्षे! लायक संगीतकार नव्हते, असे कुणी म्हणू नये. विल्यम ग्रँट स्टिल यांचा हैतीच्या गुलामांच्या उठावावरचा ‘ट्रबल्ड आयलंड’ सिटी ऑपेराने १९४९ मध्येच केला होता, आणि त्याची संहिता मुख्यतः लँग्स्टन ह्यूजसारख्या कवीच्या हातची होती.

माझा मुद्दा लाज वाटण्याचा नाही. लाज वाटली म्हणून हंगामात जागा निघाली, ठीक आहे. पण त्या जागेत ठेवायला तयार काम कुठून आले? ब्लँचर्ड यांचा तो ऑपेरा सेंट लुइसच्या संस्थेने लिहवून घेतला होता आणि २०१९ मध्ये केलाही होता. १९८९ च्या एका गुन्ह्याच्या खटल्यात पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पोरांना नाहक शिक्षा झाली आणि २००२ मध्ये ती रद्द ठरली. त्या प्रकरणावरचा डेव्हिस यांचा ‘द सेंट्रल पार्क फाइव्ह’ आधी न्यूअर्कच्या एका छोट्या मंडळीने वेगळ्या रूपात केला, मग २०१९ मध्ये लाँग बीच ऑपेराने. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. म्हणजे जोखीम छोट्या घरांनी घेतली आणि मोठी घरे आयत्या ताटावर बसली. याचा मला राग येत नाही. ताट कुणीतरी आधी वाढून ठेवलेले असते, एवढे ध्यानात राहावे.

आता हे काम चालते कसे, ते सांगतो, कारण आपल्याकडे ‘लिहवून घेणे’ म्हणजे निर्मात्याने हॉटेलात चहा पाजून ‘काहीतरी कडक द्या’ म्हणणे. तिकडे आधी करार होतो. मानधन टप्प्याटप्प्याने दिले जाते: सही झाल्यावर काही, संहिता हातात आल्यावर काही, पियानोवर वाजवता येईल इतपत संगीत झाल्यावर काही, वाद्यवृंदाची लिखावट पुरी झाल्यावर उरलेले. मध्ये वाचनाची तालीम होते, गायक समोर कागद ठेवून गातात, आणि नेपथ्यावर दमडीही खर्च होण्याआधी कळते की दुसऱ्या अंकात नायिका पंधरा मिनिटे नुसतीच उभी आहे. ती पंधरा मिनिटे कापली जातात. वॉशिंग्टन नॅशनल ऑपेराने २०१२ पासून नव्या संगीतकार-लेखकांच्या जोड्यांकडून वीस-वीस मिनिटांचे ऑपेरे लिहवून घ्यायला सुरुवात केली. वीस मिनिटांत पडायला होते, हातपाय मोडत नाहीत.

अशा तालमीत न्यायाच्या विषयाला फार मोठा फायदा मिळतो. त्याला वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की घोषणा गळून पडतात. जनीन टेसोरी आणि टॅझवेल थॉम्पसन यांचा ‘ब्लू’ पाहा. न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लिमरग्लास महोत्सवाने तो लिहवून घेतला आणि २०१९ मध्ये केला. कृष्णवर्णीय पोलिसाचा मुलगा गोऱ्या पोलिसाच्या गोळीला बळी पडतो, ही गोष्ट. गोळीबार मात्र रंगमंचावर होतच नाही. पहिला अंक संपतो तेव्हा बाप-लेक भांडताहेत. दुसरा उघडतो तेव्हा मुलगा गेलेला आहे आणि बाप धर्मगुरूसमोर बसला आहे. आपल्याकडच्या एखाद्या निर्मात्याने पहिली सूचना केली असती की गोळीबार हवाच, लाल प्रकाश टाकू.

दुसरी गोष्ट जागेची. सेनेगलच्या प्रदेशातला ओमर इब्न सईद हा विद्वान गुलाम म्हणून १८०७ मध्ये चार्ल्सटन बंदरात उतरवला गेला. १८३१ मध्ये त्याने आपले चरित्र अरबीत लिहिले. त्याच्यावरचा ‘ओमर’ हा ऑपेरा मे २०२२ मध्ये झाला तो त्याच चार्ल्सटनमध्ये, स्पोलेटो महोत्सवात. संहिता रियानन गिडन्स यांची, संगीत त्यांचे आणि मायकेल एबल्स यांचे. पैसे महोत्सवाने आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या विद्यापीठाच्या कलाविभागाने मिळून घातले. ज्या गावाने त्या माणसाला विकत घेतले, त्याच गावाला तिकीट काढून ते ऐकावे लागले. पहिला प्रयोग कुठे होतो हे नुसते व्यवस्थापनाचे काम नाही, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता जरा मागे जाऊ, कारण मला दोन माणसांना शेजारी बसवायचे आहे.

स्कॉट जॉप्लिन हे पियानोवरच्या रॅगटाइमसाठी जगाला ठाऊक. त्यांनी ‘ट्रीमोनिशा’ नावाचा ऑपेरा लिहिला. अर्कान्सामधली गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची वस्ती, १८८४ चा काळ. नशीब फळफळवणाऱ्या पिशव्या विकून लोकांना लुबाडणारे भोंदू, आणि त्यांच्यासमोर उभी राहिलेली एक शिकलेली तरुण मुलगी. लोक शेवटी तिलाच पुढारी करतात. १९११ मध्ये जॉप्लिन यांनी संहिता स्वतःच्या खर्चाने छापली. १९१५ मध्ये हार्लेममध्ये नेपथ्य नाही, वाद्यवृंद नाही, स्वतःच पियानोला बसून त्यांनी ती एकदा ऐकवली. कुणी पुढे आले नाही. १९१७ मध्ये ते वारले. ‘ट्रीमोनिशा’ रंगमंचावर आली १९७२ मध्ये, अटलांटात. १९७५ मध्ये ह्यूस्टनने ती थाटात केली आणि १९७६ मध्ये जॉप्लिन यांना मरणोत्तर पुलित्झर मिळाले. वाद्यवृंदाची त्यांची मूळ लिखावट तोवर हरवली होती. ती दुसऱ्यांना नव्याने लिहावी लागली.

आणि आपले जोतीराव फुले. १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’. गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून जोशीबुवा कुटुंब लुबाडतो, विदूषक मध्येमध्ये फटके देतो, आणि नवरा-बायको शेवटी फुल्यांच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. भोंदू तेच, औषध तेच. फुल्यांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा काही भाग इंग्रजी अमलात मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडे वळवला होता. नव्या लेखनाला पैसे देणारी आपली एक आद्य व्यवस्था म्हणायला हरकत नाही. कमिटीने नाटक घेतले नाही. कुणामुळे, ते फुल्यांनी ‘गुलामगिरी’त लिहून ठेवले आहे. तेच ‘गुलामगिरी’, जे त्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. नाटक छापून आले १९७९ मध्ये.

जॉप्लिन यांना फुल्यांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. दोघांना नडले ते एकच: पैसे वाटणाऱ्या समितीत त्यांचे कुणी नव्हते. अमेरिकेने निदान उशिरा का होईना, ‘ट्रीमोनिशा’ गायली. पुढे पोवाडा रचणाऱ्या, अखंड लिहिणाऱ्या माणसाचे हे नाटक आपल्या संगीत रंगभूमीने कधी आपले मानले? सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी फुल्यांच्या विचाराचे बळ गावोगाव नेले. त्यांना कुणी करार दिला नाही, थिएटर दिले नाही. आपल्या संगीत नाटकाच्या इतिहासात त्यांना बहुधा तळटीप मिळते.

‘शारदा’चे नाव घेऊन कुणी मला अडवील. जरूर. १८९९ साली देवलांनी बाला-जरठ विवाहावर नाटक लिहिले आणि किर्लोस्कर मंडळींनी ते केले. देवल लेखक, पदकर्ते आणि तालीम मास्तरही. मी वर सांगितलेले सगळे टप्पे तिथे एकाच बिऱ्हाडात उरकत होते, म्हणून ते नाटक इतके बांधीव आहे. तरीही एक खोच सांगतो. म्हाताऱ्या भुजंगनाथाचे लग्न मोडते ते अन्याय आहे म्हणून नव्हे, वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. पोरीचे दुःख पदांतून प्रेक्षकाच्या काळजात उतरते, पण सुटका शास्त्राच्या दारातून होते. त्या काळी कदाचित तेवढेच शक्य होते. आज आपण ‘शारदा’ पुन्हा पुन्हा करतो तेव्हा पदे जपतो, ही खोच कुणी खेळत नाही.

नंतरचे थोडक्यात. ‘घाशीराम कोतवाल’ला जन्म देणाऱ्या संस्थेतच त्याचे प्रयोग थांबवले गेले आणि त्यासाठी मंडळींना थिएटर अ‍ॅकॅडमी नावाचे नवे घर बांधावे लागले. त्याच थिएटर अ‍ॅकॅडमीने सतीश आळेकरांच्या कल्पनेतून १९८५ ते १९९४ या काळात नाटककारांसाठी योजना चालवली. पैसे फोर्ड फाउंडेशनचे. पैसे थांबले, योजना थांबली. संभाजी भगतांच्या संकल्पनेतून आणि संगीतातून ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये आले, ते अशा कुठल्याही योजनेविना. ‘देवबाभळी’ एकांकिकेतून मोठे झाले. एकांकिका स्पर्धा हीच आपली फुकटची प्रयोगशाळा. तिथे पोरे खिशातून पैसे घालतात आणि वादकाला वडापावावर बसवतात. शासनाचे अनुदान येते ते नाटक उभे राहिल्यावर. उभे राहण्याआधीचे वर्ष कुणाच्याच अंदाजपत्रकात नाही.

म्हणून माझे म्हणणे असे. संमेलनावर जो खर्च होतो, त्यातला मंडप, हारतुरे आणि अध्यक्षाच्या गाडीचा भाग बाजूला काढावा. गाडी मी आजच परत करतो. त्यातून दर वर्षी वीस मिनिटांची तीन संगीत नाटके लिहवून घ्यावीत. लेखक, संगीतकार आणि वादक यांना करार, टप्प्याटप्प्याने पैसे, आणि दहा दिवसांची तालीम साथीसह, ट्रॅकवर नाही. विषय देऊ नयेत. विषय ठरवून दिला की निबंध लिहून येतो. जात, ऊसतोड, गटार, कोर्टाची तारीख, काय गायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्या. निवड समितीत मात्र निम्मी माणसे आपल्या ओळखीबाहेरची असावीत. जलशातली, कामगार वस्तीतली, ज्यांना समीक्षक म्हणून कुणी बोलावत नाही अशी. आणि तिन्हींतून जे पूर्ण लांबीचे करायचे ठरेल, त्याचा पहिला प्रयोग जाहीर करण्याआधी चार गावांच्या चार संस्थांनी पुढचे प्रयोग लेखी कबूल केलेले असावेत. पहिल्या प्रयोगाला पेपरवाले येतात, दुसऱ्याला फक्त वीजबिल येते. म्हणून दुसरा आधी ठरवायचा.

अशा मजकुराचा ठराव मी लिहून आणला आहे. दुपारच्या खुल्या सत्रात मांडतो. सूचक मी आहे, अनुमोदक अजून मिळालेला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी डावीकडच्या दाराशी उभा असेन.