लाइट गेली, आता मासे किती वेळ जगतील?

आज बोलूया माझ्या घरातल्या समुद्राबद्दल. मी राहतो कर्जतला, त्यामुळे आमचा समुद्र पोत्यातून येतो. रीफ टाकीचं खास मीठ, एका लिटरला साधारण 35 ग्रॅम. टाकी दोनशे लिटरची. त्यात क्लाउनफिश आणि थोडे झोअँथिड. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते अनुसूची 1 मध्ये आहेत. ते बघायचे तर मालवणला जायचं.

तर, मागच्या जुलैची गोष्ट. मी ऐरोलीला ऑफिसात. संध्याकाळी आईचा फोन: "अरे, सकाळपासून लाइट नाही, इन्व्हर्टरपण बसला. तुझे मासे वर येऊन तोंड उघडतायत."

आपल्या शेजारी खोपोलीत 1915 पासून पाण्यावर वीज तयार होते, भिवपुरीला 1922 पासून. पण कर्जतच्या पावसात ती घरापर्यंत पोचेलच असं नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी त्याच महिन्यात पैसे कशावर घातले? नव्या एलईडीवर. ॲपमधून पहाट, संध्याकाळ, चांदणं, सगळं सेट. पंपाला बॅकअप? शून्य. कोडमध्ये मी असली चूक कुणाची पास केली नसती.

आता बघा, उजेड एखादा दिवस नसला तर फार बिघडत नाही. पण पाणी हलायचं थांबलं की पृष्ठभागावरून ऑक्सिजन मिसळणं मंदावतं. त्यात खाऱ्या, कोमट पाण्यात तो मुळातच कमी मावतो. आणि तो फक्त मासेच नाही, दगडातले जिवाणूही वापरत असतात.

आईला म्हणालो, तांब्याने पाणी काढ आणि उंचावरून परत ओत. मी लोकलने घरी पोचेपर्यंत ती तेच करत होती, अडीच तास. जोडीतला एक मासा गेला. एक वाचला, तो तांब्यामुळे.

त्यानंतर मी काय बदललं?

एक, 12 व्होल्टवर चालणारा पाच वॅटचा वेव्हमेकर आणि 7 अँपिअर-तासांची बॅटरी. गणिताने सोळा तास, मी दहाच धरतो.

दोन, पंप थांबला की वरचं थोडं पाणी खालच्या संपमध्ये उतरतं. तेवढी जागा रिकामी राहील अशी खूण केली. नाहीतर फरशीवर समुद्र!

तीन, दर तीन महिन्यांनी पंप खोलून व्हिनेगरमध्ये भिजवतो. चुन्याचा थर बसला की पंप घरघरतो आणि प्रवाह कमी होतो.

चार, टाकीवरचा पंखा. तो बाष्पीभवनाने पाणी थंड करतो, म्हणून पावसाळी दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही. उन्हाळ्यात मात्र रोज पाणी घटतं. तेव्हा वरून गोडं आरओचं पाणीच घालायचं, कारण मीठ उडून जात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्वतः मेन प्लग काढतो. बॅटरीवर वेव्हमेकर आपोआप सुरू झाला तरच तो बॅकअप. नाहीतर ती नुसती टेबलाखालची बॅटरी.

तुमच्याकडे टाकी असेल तर नवीन लाइट घेण्याआधी आज रात्री एवढं करून बघा. आमच्याकडे आईने स्विचवर चिकटपट्टी लावलीय: "माशांचा आहे. बंद करू नये." तांब्या अजून टाकीशेजारीच असतो.

चला, भेटू पुढच्या भागात!