संशयाकडून निश्चयाकडे



मी पंडित नाही, कापडाचा व्यापारी आहे. म्हणून निर्णयाचा हा विषय दुकानातल्या अनुभवावरूनच मांडतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे २.५ लाख कामगार त्यात उतरले. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. होऊन दुकानात बसू लागलो होतो. आमच्याकडे मुख्यतः गिरणीचेच कापड चाले. पुढे ते येईनासे झाले, तेव्हा वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, मला यंत्रमागाचे पॉपलीन ठरवण्यासाठी इचलकरंजीला पाठवले. मी तीन फेऱ्या केल्या. प्रत्येक वेळी नमुने आणले, भाव लिहून आणले आणि "पुढच्या आठवड्यात ठरवू" म्हणालो. गिरणीचा शिक्का नसलेले कापड गिऱ्हाईक नाकारील, ही मनात भीती होती. दिवाळी आली तेव्हा दुकानातील कपाटे निम्मी रिकामी होती. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके उभ्या उभ्या परत गेली. आण्णा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "चुकीचा माल आणला असतास, तर तोटा सोसून विकला असता. गेलेला मोसम कुठे विकू?"

पुढे स्वाध्यायात तत्त्वार्थसूत्राचा पहिला अध्याय वाचताना माझी चूक मला उमगली. मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे तेथे सांगितले आहेत. वस्तूची पहिली ओळख तो अवग्रह, विशेष जाणण्याची इच्छा ती ईहा, निश्चय तो अवाय आणि त्याचे स्मरण टिकणे ही धारणा. ईहा म्हणजे संशय नव्हे. संशय दोन्ही बाजूंना हेलकावत राहतो. ईहा निश्चयाच्या दिशेने जाते. हे विवेचन ज्ञानाचे असले, तरी व्यवहारातही ते मला दीपस्तंभासारखे वाटले. माझ्या तीन फेऱ्यांना मी चौकशी समजत होतो. वास्तविक दुसऱ्या फेरीनंतर नवे काहीच कळले नव्हते.

अनेकान्ताचाही आपण कित्येकदा सोयीचा अर्थ लावतो. "दोन्ही बाजू खऱ्या" असे म्हणून प्रश्न लांबणीवर टाकतो. वस्तूच्या अनेक बाजू जाणणाऱ्याचा निश्चय अधिक डोळस व्हावा, ही खरी अपेक्षा आहे.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळतो. काय कळले म्हणजे ठरवता येईल, ते आधी कागदावर लिहितो. निर्णयाची तारीख घालतो. निर्णय चुकल्यास किती तोटा सोसवेल, तो आकडा काढतो. तयार कपड्यांचा विभाग मी याच रीतीने सुरू केला. पहिल्या वर्षी बराच माल पडून राहिला; परंतु तोटा काढलेल्या आकड्याच्या आत होता आणि काय विकले जाते, हे त्यातूनच कळले.

मुलीचे उच्च शिक्षण असो, वृद्ध आईची शस्त्रक्रिया असो की भावाभावांतील वाटणी असो. आपण थांबतो तेव्हा त्याची किंमत बहुधा घरातील दुसरेच कोणी मोजत असते. आत्मविश्वास येण्याची वाट पाहू नये. घेतलेला निर्णय निभावता निभावताच तो येतो.

आज घरी गेल्यावर आपण लांबणीवर टाकलेल्या एका तरी प्रश्नापुढे तारीख लिहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. जय जिनेंद्र!