जबलपूरला राजभवन का नाही?



बाहेरगावचा पाहुणा जबलपूरला आला की आपण त्याला भेडाघाटाला नेतो, मदनमहाल दाखवतो आणि परतताना गाडी हायकोर्टावरून घेतो. ती दिमाखदार इमारत बघून एखादा तरी विचारतोच, ‘राज्यपाल इथेच राहतात का हो?’

नाही. आपल्याकडे राज्यपालांचं घर नाही. जबलपूरवर ज्यांनी राज्य केलं, त्यांचं घर जवळजवळ शंभर वर्षं दुसऱ्याच गावात होतं, नागपुरात. पण त्या घराच्या गोष्टीत जबलपूर सारखं डोकावत राहतं.

सुरुवात मात्र इथूनच होते. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी मंडल्याचं गोंड राज्य घेतलं, तेव्हा कारभाराचं ठाणं म्हणून त्यांनी जबलपूर निवडलं. 1798 मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला. 19 डिसेंबर 1817 ला इंग्रजांनी लढाई करून जबलपूर घेतलं आणि पुढे सागर-नर्मदा प्रदेशाचा कारभार पाहायला गव्हर्नर जनरलचा एजंट इथे बसू लागला. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन याच कचेरीतून वर आला. म्हणजे एका अर्थी राज्यपालांचं बिऱ्हाड आधी आपल्याच गावात होतं.

याच धामधुमीतला एक प्रसंग सांगायलाच हवा. सीताबर्डीच्या लढाईत हरलेल्या अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रज कैद करून अलाहाबादकडे नेत होते. मे 1818 मध्ये जबलपूरच्या वाटेवर मुक्काम पडला होता. अप्पासाहेबांनी पहाऱ्यावरचे काही शिपाई आधीच फितवून ठेवले होते. रात्री त्यांनी शिपायाचा पोशाख अंगावर चढवला आणि त्या फितूर शिपायांसोबतच छावणीतून बाहेर पडले. उघडकीला येईपर्यंत राजा पसार! ते थेट महादेवाच्या डोंगरात जाऊन लपले. याच डोंगरात 1862 मध्ये कॅप्टन फोरसिथ पोचला, पचमढी नावारूपाला आली आणि मध्य प्रांताच्या सरकारला उन्हाळ्यात राहायला थंड जागा मिळाली. फरारी राजाचा आसरा तो पुढे लाटसाहेबांचा उन्हाळी मुक्काम झाला.

2 नोव्हेंबर 1861 ला नागपूर प्रांत आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत बनवला गेला. राजधानी नागपूर. जबलपूरच्या हातून कारभार पहिल्यांदा गेला तो असा. प्रांताचा मुख्य अधिकारी चीफ कमिशनर. त्याच्यासाठी 1891 मध्ये नागपूरच्या सदर भागात, टेकडीवर गव्हर्नमेंट हाऊस उभं राहिलं. भोवती सुमारे शंभर एकरांचं रान, खाली सिव्हिल लाइन्स. 1920 मध्ये चीफ कमिशनरचा गव्हर्नर झाला. फ्रँक स्लाय हे पहिले गव्हर्नर.

त्यांच्याच अमदानीत जबलपूरने या टेकडीची झोप उडवली. इथल्या टाउन हॉलवर काँग्रेसचा तिरंगा फडकवण्यावरून वाद पेटला, मार्च 1923 मध्ये मिरवणूक निघाली, पंडित सुंदरलालांना तुरुंगात टाकण्यात आलं. सुभद्राकुमारी चौहान त्या मिरवणुकीत होत्या. मग हे लोण नागपुरात गेलं. तिथे सरकारचं म्हणणं एवढंच, की झेंडा घेऊन शहरात कुठेही फिरा, सिव्हिल लाइन्समध्ये शिरायचं नाही. साहेब लोकांचे बंगले तिकडे ना! 1 मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघत, हद्दीवर पोचत आणि पकडल्या जात. जमनालाल बजाज आत गेले. हजाराहून जास्त माणसं आत गेली. वल्लभभाई पटेल सूत्रं हातात घ्यायला आले, विठ्ठलभाईंनी गव्हर्नरशी बोलणी केली. अखेर 18 ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि कोणी अडवलं नाही.

आणखी सहाच वर्षांनी त्या बंगल्यात मराठी माणूस राहायला गेला, हे आज फार कमी जणांना आठवतं. अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे. स्वराज्य पक्षाचे असूनही 1925 मध्ये त्यांनी सरकारात पद घेतलं, त्यावरून मोतीलाल नेहरूंपासून सगळे खवळले होते. 1929 मध्ये हेच तांबे काही काळ हंगामी गव्हर्नर झाले. त्यांना कोणी फितूर म्हणो, कोणी व्यवहारी. मला मात्र वऱ्हाडातल्या वकिलाच्या हाती प्रांताची सही येणं ही लहान गोष्ट वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये, त्या घरात आले पट्टाभी सीतारामय्या. हे नाव जबलपूरकरांना वेगळं सांगायला नको. 1939 मध्ये आपल्या त्रिपुरीच्या काँग्रेस अधिवेशनासाठी अध्यक्ष निवडायचा होता. त्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी ज्यांना हरवलं, ते हेच. हा पराभव आपलाच आहे, असं गांधीजींनी जाहीर केलं होतं. त्रिपुरीचं अध्यक्षपद हुकलेला माणूस तेरा वर्षांनी त्रिपुरी ज्या राज्यात आहे त्या राज्याचा राज्यपाल झाला! नशिबाच्या या खेळावर त्यांच्याशी कोणी थट्टा केली असेल का, असं मला नेहमी वाटतं.

1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने नव्या मध्य प्रदेशाच्या राजधानीसाठी जबलपूरचं नाव सुचवलं. आपल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा केवढी स्वप्नं रंगवली असतील! झालं भलतंच. भोपाळ संस्थानाची ऑफिसं, कोठ्या, महाल तयार होते, आणि राजधानी भोपाळला गेली. 31 ऑक्टोबर 1956 च्या मध्यरात्री तिथल्या लाल कोठीत न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी पट्टाभींना शपथ दिली आणि पट्टाभींनी मुख्यमंत्री रविशंकर शुक्लांना. नवाब शाहजहान बेगमेच्या काळात इंग्रज पोलिटिकल एजंटासाठी बांधलेली ती कोठी त्या रात्रीपासून राजभवन झाली.

नागपूरची टेकडी मुंबई राज्यात गेली. घर तिथेच राहिलं, राज्यपाल मात्र निघून गेले. आता नागपूर कराराप्रमाणे महाराष्ट्र विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की ते घर पुन्हा जागं होतं. 15 डिसेंबर 2024 ला महाराष्ट्राच्या 39 मंत्र्यांचा शपथविधी तिथेच झाला.

आणि जबलपूरला काय मिळालं? हायकोर्ट. नागपूरचंच न्यायालय, त्याच हिदायतुल्लांसह, इथे आलं. ज्या इमारतीत ते बसलं, ती राजा गोकुळदासांनी बांधलेली. आराखडा हेन्री आयर्विनचा. सिमल्याचं व्हाइसरॉयचं निवासस्थान याच आयर्विनने आखलं होतं. तेव्हा पाहुण्याचा अंदाज चुकला तरी अगदीच वेडगळ नव्हे. राजधानी गेल्याची हळहळ राइट टाउनच्या ओट्यांवर आजही ऐकू येते. मला विचाराल तर सौदा वाईट झाला नाही. हायकोर्ट जवळपास वर्षभर चालतं, त्यावर वकिलांपासून टंकलेखकांपर्यंत आणि चहावाल्यांपर्यंत हजारो घरं चालतात. राजभवनाने एवढ्या चुली पेटवल्या नसत्या.

राज्यपाल अधूनमधून येतातच, राणी दुर्गावती विद्यापीठाचे कुलपती म्हणून. त्या दिवशी सर्किट हाऊससमोरचा रस्ता अडवलेला असतो, आणि दुचाकीवाले जबलपूरकर दोन शब्द सुनावून गल्लीतून वाट काढतात.